सर्वांत जुना आवाज

पहाटेच्या दळणाला जात्याची घरघर,
नीज माझ्या सोन्या, डोकं मांडीवर.

हा आवाज निवृत्ती खोपडेच्या कानात कायमचा बसला तेव्हा तो चार वर्षांचा होता. जात्याचा दगड फिरत होता, त्याच्या लयीत आईची मांडी हलत होती, आणि ताज्या पिठाचा ऊबदार वास त्याच्या पापण्यांवर बसत होता. आता तो एक्केचाळीस वर्षांचा होता. ते जातं गावाकडे कुठंतरी उंबऱ्याखाली गाडलं गेलं होतं, आणि तो आवाज जिल्हा स्वरकेंद्राच्या यंत्रात अकरा सेकंदांचा एक तुकडा होऊन पडला होता. अकरा सेकंदांत दोन ओव्या मावतात. दुसरी अशी होती:

पीठ पडं पांढरं, जशी चांदण्याची साय,
माझ्या राघूच्या उशाला जागी बसलेली माय.

बुधवारी दुपारी बारा वाजता केंद्रातली यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली गेली. बारा वाजून अकरा मिनिटांनी निवृत्तीनं फौंड्रीच्या जेवणघरात हातातली भाकरी खाली ठेवली, कोपऱ्यातली पहार उचलली आणि मागून येणाऱ्या भांडारपालाच्या तोंडावर घातली. जबडा मोडला. दुसऱ्या घावात गळ्याजवळचं हाड मोडलं. तिसऱ्यासाठी पहार वर गेली तेव्हा पाच जण त्याच्या अंगावर पडले, आणि त्या पाचांतल्या एकाचं मनगट गेलं. ताटल्यांतल्या आमटीत रक्त मिसळलं. भांडारपालाशी निवृत्तीचं कधी वाकडं नव्हतं. तो बिचारा फक्त तुटक्या वहाणेनं पाय ओढत आपला डबा घ्यायला आला होता.

या वर्षातला हा तिसरा हल्ला. तिन्ही वेळा यंत्रं पुन्हा सुरू झाल्यावर काही मिनिटांतच.

स्वरकेंद्रात दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या हेमांगी गुरवला बेडेकर साहेबांनी बोलावून घेतलं.

"खोपडेची सेटिंग दर वेळी उडते. का उडते ते शोधा. शनिवारी समिती बसतेय."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर वाटछेद. तुम्ही सर्व्हर बघा, माणूस समिती बघेल."

वाटछेद म्हणजे काय हे हेमांगीला ठाऊक होतं. कानापासून हातापर्यंत जाणारी मेंदूतली एक वाट शस्त्रक्रियेनं कापायची. त्यानंतर माणूस कोणावर हात उगारत नाही. तो पाण्याचा पेलाही उचलत नाही.

त्या काळात रागाच्या भरात खून करणाऱ्यांना तुरुंगात ठेवत नसत. त्यांच्या कानामागे तांदळाएवढं यंत्र बसवत. सरकारी कागदांत त्याचं नाव स्वर-निरोधक होतं, लोक त्याला कानमाय म्हणत. त्यामागची कल्पना साधी होती. पाच वर्षांच्या आत प्रत्येक मुलाच्या मेंदूत कोणाचा तरी आवाज हाताशी बांधला जातो. चुलीकडे गेलेला हात त्या आवाजानं मागे येतो, भावंडाच्या केसांतली मूठ त्या आवाजानं सुटते. पुढे माणूस तो आवाज विसरतो, हात विसरत नाही. राग हातात उतरायला अर्धा सेकंद लागतो. कानमाय त्याच्या आत तो आवाज वाजवते, इतका हळू, की ऐकू आल्याचं माणसालाही कळत नाही. नुसता हात खाली येतो. चाळीस हजार माणसं अशी कामाधंद्याला लागली होती.

तांदळाएवढ्या यंत्रात एवढं सगळं मावत नाही. आवाज राहतो केंद्रातल्या सर्व्हरवर. एका मोठ्या दालनात पडदे लावून हजार बिऱ्हाडं करावीत आणि प्रत्येकाला वाटावं की सगळं दालन आपलंच, तसे एका यंत्रात हजार आभासी सर्व्हर असतात. प्रत्येक माणसाचा एक. कोणाचा आवाज, केवढा, कोणत्या क्षणी, ही त्याची सेटिंग. ती दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे पाटी. यंत्र चालू आहे तोवर ती टिकते, बंद झालं की पुसली जाते. दुसरा दगड. त्यावर कोरलेलं यंत्र उठल्याबरोबर वाचतं. दगड कोरा असला तर यंत्राला एकच नियम शिकवलेला होता: या माणसाच्या मेंदूतला सर्वांत जुना आवाज घे. सर्वांत जुना आवाज बहुतेक आईचा असतो, आणि आईच्या आवाजाइतकं मऊ काय असणार, असं नियम करणाऱ्यांना वाटलं होतं.

हेमांगीनं निवृत्तीची बारा वर्षांपूर्वीची नोंद उघडली. तेव्हा त्यानं यात्रेत एका अनोळखी, अधू पायाच्या फुगेवाल्याला दगडानं ठेचून मारलं होतं. त्या नोंदीत आवाज होता ग्यानू वस्तादांचा, त्याच्या तालमीतल्या गुरूचा. एकच शब्द: "सोड." तालमीचा रिवाजच तसा. पकड कितीही घट्ट असो, समोरच्याचा श्वास कोंडलेला असो, वस्ताद "सोड" म्हणाले की पैलवानाची बोटं उघडतात. खाली त्या वेळच्या तंत्रज्ञाचा शेरा होता:

'आईच्या आवाजाने हात थांबत नाही, उलट उठतो. कारण कळले नाही. बदलास आईची संमती नाही. वस्तादांचा आवाज तात्पुरता लावला आहे.'

तात्पुरता म्हणजे पाटीवर. पाटी अकरा वर्षं कोणी पुसली नाही, कारण अकरा वर्षं यंत्र बंदच पडलं नाही. या वर्षी केंद्राला नवी वीजवाहिनी जोडायचं काम निघालं आणि पाटी तीनदा पुसली गेली. प्रत्येक हल्ल्यानंतर कोणीतरी येऊन वस्तादांचा आवाज पुन्हा पाटीवरच लिहून गेलं होतं.

दगडावर कोरायचं तर कायदा आडवा होता. जिचा आवाज काढायचा, तिची संमती. आणि नुसता अंगठा नाही, तिनं आपल्या तोंडानं कारणही सांगायचं. सुरुवातीच्या दिवसांत एका पुतण्यानं चुलत्याच्या कानात स्वतःचा आवाज बसवून त्याला गुरासारखं वागवलं होतं, त्यातून हा कायदा आला.

संध्याकाळी ती निवृत्तीला भेटायला गेली. ज्याची कानमाय चालू आहे त्याला कायद्यानं बांधता येत नाही, म्हणून तो खोलीत मोकळाच होता. खिडकीपाशी लोखंडी स्टुलावर बसलेला, रुंद खांद्यांचा, मान खाली घातलेला. हेमांगीचा डावा पाय लहानपणी जिन्यावरून पडल्यापासून घोट्यात वळत नसे, तो फरशीवरून घासत यायचा. तिला त्याचं भान राहिलं नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत तिचं डावं पाऊल नऊ वेळा पडलं आणि हातातल्या पडद्यावर वस्तादांचा आवाज नऊ वेळा वाजल्याची खूण उमटली. परक्या माणसाचा ताण असेल, असं तिनं टिपलं.

"कसे आहात, निवृत्तीभाऊ?"

"बरा हाय." त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "भांडारपाल?"

"जगतील. नळीनं जेवताहेत."

तो बोटं मोडू लागला.

"त्यांनी काय केलं होतं तुमचं?"

"काय न्हाई."

"मग?"

"मॅडम, एक सांगू? पुढच्या बारीला तुमी बसून ऱ्हावा. मला तुमच्याकडं आणू द्या."

"का?"

"तुमास्नी चालाय त्रास हुतोय, म्हून."

ती हसली. "माझी काळजी तुम्ही नका करू. शनिवारी तुमचे हात जाणार आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय. गेलं तर गेलं." त्यानं हात उलटे करून पाहिले, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. "आय मला भरवंल."

तिन्ही हल्ल्यांची चित्रं तिनं पुन्हा पुन्हा पाहिली. पहिला गुडघा सुजलेला हमाल, दुसरा पायाला प्लास्टर घातलेला वाहनचालक, तिसरा भांडारपाल. तिघंही निवृत्तीच्या मागून आले होते. त्यानं तोंड वळवून पाहिलंसुद्धा नव्हतं, आधी हात उठला होता. तिघांत सामाईक काय, ते तिला दिसेना. कॅमेरे चित्र घेत, आवाज घेत नसत.

गुरुवारी ती तान्हूबाईकडे गेली. सत्तरीची म्हातारी, वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी. तिच्या उजव्या हाताचा अंगठा कधीतरी मोडून वाकडाच जुळला होता. तिनं हेमांगीला जिना चढताना ऐकलं होतं, कारण दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला होता.

"तू व्हय," ती म्हणाली. "बाईमाणूस हाईस. ये."

हेमांगीनं सगळं समजावून सांगितलं. पाटी, दगड, अंगठा, कारण. म्हातारी ऐकत राहिली.

"म्हंजे माझा आवाज पुसणार."

"पुसणार नाही, मावशी. बाजूला ठेवणार."

"वळचणीला ठेवलेल्या म्हातारीला बाजूला ठेवली असंच म्हंत्यात."

"त्यांचे हात जातील हो."

"त्या मेल्या वस्तादाचा आवाज चालतोय आन् आईचा चालत न्हाई, ह्ये कुठलं यंत्र?"

"तेच मला कळत नाहीये. दोनच ओव्या आहेत आमच्याकडे, इतक्या गोड. पुढं काय होतं? म्हणाल माझ्यासाठी?"

म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. मग मांडी घातली, समोर काहीच नसताना उजवा हात गोल फिरू लागला, आणि सत्तर वर्षांच्या गळ्यातून तीस वर्षांच्या बाईचा आवाज निघाला.

वेशीपाशी भुंकं कुत्रं, कोण येतंया वाटंनं,
एक पाऊल वाजं नीट, दुजं घासतं मातीनं.

हात मध्येच थांबला.

"पुढं?"

"पुढं दळण सरलं."

"अंगठा, मावशी?"

"तुला किती यळ सांगू, न्हाई."

परतताना जिन्यावर हेमांगीचा पाय प्रत्येक पायरीला घासत होता. ती ओवी तिच्या डोक्यात होती आणि पाय पायाखाली. दोघांची गाठ पडली नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं जे केलं ते नियमाबाहेरचं होतं. तिनं वस्तादांचा आवाज संमतीशिवायच दगडावर कोरला. मग दुरुस्ती करणारा प्रत्येक माणूस जे करतो तेच केलं: टिकलं की नाही हे पाहायला निवृत्तीचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ आली: 'आवाज: वस्ताद.' तिला हायसं वाटलं. ती ओळ दगडावर काय कोरलं आहे ते सांगत होती. यंत्र प्रत्यक्षात काय वाजवणार आहे ते सांगत नव्हती. यंत्रानं उठता उठता कोरलेलं वाचलं, त्याखाली आईचा अंगठा शोधला, तो सापडला नाही, आणि कोरलेलं रद्द धरून त्यानं आपल्या नियमाप्रमाणे सर्वांत जुना आवाज घेतला. हे सांगणारी नोंद तीन पडदे आत होती.

निरीक्षण खोलीबाहेरच्या बाकावर तान्हूबाई बसलेली होती. पहाटेच्या गाडीनं आली होती. हातात भाकरीचं गाठोडं.

"त्याचं हात हाईत तवर त्येच्या हातानं खाऊ दे म्हनलं."

"खातील, मावशी. जन्मभर खातील," हेमांगी म्हणाली आणि दार उघडून पुढं झाली.

निवृत्ती खिडकीकडे तोंड करून उभा होता. तिनं दोन पावलं टाकली. दुसरं फरशीवरून घासलं.

तो वळला तेव्हा स्टूल त्याच्या हातात होतं. चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं एका चार वर्षांच्या पोराची भीती होती, आणि ते पोर एका पैलवानाच्या अंगात उभं होतं. पहिला घाव हेमांगीच्या खांद्यावर बसला, हाड तुटल्याचं तिनं दुखण्याआधी ऐकलं. ती पडली. दुसरा घाव तिच्या डोक्याशेजारी फरशीवर आदळला आणि फरशीचे तुकडे तिच्या गालात घुसले. तोंडात रक्ताची चव आली. तिनं मागे सरकायला पाय ओढला, पाय घासला, आणि त्या आवाजासरशी त्याचं अंग थरारलं. तेव्हा तिला कळलं. नऊ पावलं. भांडारपालाची वहाण. गुडघा, प्लास्टर, फुगेवाला. चाळीस हजार माणसांच्या कानात आपण आया बसवल्या, आणि एकीलाही विचारलं नाही, की बाई, तू मांडीवरच्या लेकराला काय म्हणत होतीस?

यंत्र दोनच ओव्या वाजवत होतं. उरलेल्या त्याचा मेंदू आपल्याआपण म्हणत होता. आता त्याचे ओठही हलत होते, आणि तिला ते ऐकू आलं, जात्याच्या लयीत, लहान मुलाच्या सुरात:

जात्याचा ह्यो खुटा, माझ्या राघूच्या मुठीत,
असा घाल घाव बाळा, न्हाई पुन्हा तो उठीत.

स्टूल तिसऱ्यांदा वर गेलं.

दारातून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. तान्हूबाई उंबऱ्यावर खाली बसली होती, मांडी घालून, भाकरीचं गाठोडं बाजूला पडलेलं, आणि तिचा हात गोल फिरत होता. ती जी ओवी म्हणत होती ती तिनं आजवर कधी म्हटली नव्हती, तिथंच रचत होती, गळा फाटत होता तरी लय सोडत नव्हती.

खुटा ठिव गा जात्यात, दळण माझं सरलं,
ज्याच्या पावलाचं भ्याव, त्येचं पाऊल विरलं.

स्टूल हवेतच राहिलं. कानातल्या आईला बाहेरची आई भेटली होती, दोघींचा आवाज एकच आणि वाट एकच. म्हातारीनं ओवी पुन्हा म्हटली. पुन्हा म्हटली. सहाव्या वेळी निवृत्तीची बोटं उघडली, स्टूल पडलं, आणि तो आईसमोर गुडघ्यांवर बसून मुलासारखा हुंदके देऊ लागला.

पहारेकरी धावत आले. हेमांगीनं चांगला हात वर करून त्यांना थांबवलं.

"हात लावू नका. मावशी, तुम्ही म्हणत राहा."

"किती यळ म्हणू?"

"मी उठेपर्यंत."

ती उठली नाही, पडल्या जागीच तिनं एका हातानं आपला निसटलेला पडदा ओढून घेतला. रक्तानं बोटं घसरत होती. तीन पडदे आतली नोंद तिनं वाचली. मग संमतीचं पान उघडलं आणि फरशीवरून म्हातारीकडे सरकवलं.

"तुमच्या तोंडी आज ही ओवी आली. उद्या तुम्ही नसाल, यंत्र असेल. ते पुन्हा बंद पडेल, पुन्हा सुरू होईल."

तान्हूबाईनं लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. केस पांढरे व्हायला लागले होते.

"त्यो कोण होता, मावशी? पाय ओढत येणारा?"

"माझा बाप," निवृत्ती खाली मान घालून म्हणाला. "पिऊन यायचा, पहाटं. आयचा अंगठा त्यानंच मोडला. मी पाच वर्सांचा हुतो. मारलं मी त्याला, खुट्यानं. एका घावात. आय म्हनली, कुणाला बोलू नगं, हिरीत पडला म्हनून सांगू." त्यानं आपले हात मांडीवर उलटे ठेवले. "तवापासनं ह्ये माझं हात न्हाईत, मॅडम. शनिवारी काय जाणार?"

म्हातारीनं वाकडा अंगठा पुढे केला. काचेवर तो नीट टेकेना, डाव्या हातानं दाबून तिनं तो टेकवला. यंत्रानं विचारलं, निर्विकार, कोणाचाच नसलेल्या आवाजात: "बदलाचे कारण सांगा."

यंत्रानं पुन्हा विचारलं.

"लिव," तान्हूबाई म्हणाली. ती यंत्राकडे पाहत नव्हती, लेकाकडे पाहत होती. "माझ्या लेकानं कुणाला मारलं न्हाई. पाच वर्सांच्या हातात कितीसा जोर. खुटा लागला आन् त्यो खाली बसला, नुसता बसला. कपाळातनं रगात येत हुतं. ह्यो पोर घाबरून कणगीमागं पळाला. त्यो जिता हुता. माझ्याकडं बघून म्हनला, 'तान्हू, पाणी दे.'"

तिनं अंगठा काचेवरून उचलला.

"मी त्येला हाताला धरून हिरीपातूर नेला."